बायपास पाइप बदलताना ओ-रिंगकडे लक्ष द्या

इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) दाबाखाली असते आणि उसळून अंगावर येते. जुना बायपास पाइप, म्हणजे रेडिएटरला वळसा घालून कूलंट नेणारी नळी, निघाल्यावर त्याचे टोक ज्या भोकात बसते, तिथला पांढरट क्षार आणि गंज बोटाला खरखर लागेनाशी होईपर्यंत साफ करा, कारण नवी ओ-रिंग (सांधा गळू न देणारी रबरी कडी) तिथेच कापली जाते आणि गळती पुन्हा सुरू होते. जुनी रिंग परत वापरणे मला मुळीच मान्य नाही. नव्या रिंगला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. खनिज तेलाने रिंगचे ईपीडीएम जातीचे रबर फुगते, तेव्हा थोडे कूलंटच चोळावे. नंतर डिस्टिल्ड वॉटर मिसळलेले कूलंट भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा निघेपर्यंत इंजिन चालवा आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा तपासा.