कंपालाला यायचं म्हणतेस तर

तुझा निरोप तीन ओळींचा आहे. बडोद्यात एमएसडब्ल्यू, आठ वर्षं एका ट्रस्टमध्ये देणग्यांचं काम. आता युगांडाच्या राजधानीत, कंपालात, निर्वासितांच्या संस्थेत डोनर रिलेशन्स आणि प्रोजेक्ट सपोर्टसाठी व्हॉलंटिअरची जागा मिळतेय आणि मुलगी सात वर्षांची आहे. "ताई, येऊ का?" चार दिवस झाले, उत्तर लिहिते आणि पुसते. मी याच कामाला 2017 च्या ऑगस्टमध्ये इथं आले. पोरगा तेव्हा आठ वर्षांचा होता.

भत्ता, विमा, रजा हे सगळं तुला आलेल्या कागदांत असेलच, त्यात मी पडत नाही. फक्त पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेव. इथं उतरताना लागतंच, आणि परत जाताना भारतात ते नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवतात.

घरचे विचारतील, फुकट राबायला एवढ्या लांब? फुकट नसतं, निर्वाहापुरते पैसे मिळतात. मी मात्र चूक केली आणि व्हॉलंटिअरचं मराठी करून सांगितलं. बडोद्याच्या दांडिया बाजारात 'स्वयंसेवक' म्हटलं की एकच अर्थ निघतो. सासूबाई कितीतरी दिवस त्याच समजुतीत होत्या आणि खूशही होत्या.

कागदांनी मला रडवलं ते नावावरून. डिग्री माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या, जन्मदाखल्यावर 'बरोडा', बाकी सगळीकडे 'वडोदरा'. शिवाय आपलं मधलं नाव! लग्नाआधी वडिलांचं, नंतर नवऱ्याचं. खिडकीमागच्या बाईंना वाटलं की या तीन वेगळ्या बायका आहेत. त्यात मुलाला न्यायचं म्हणून त्याच्या बाबांचं नोटरीचं संमतिपत्र. ते तीनदा परत आलं, कधी तारखेसाठी, कधी शिक्क्यासाठी. तीनही वेळा त्यांनी निमूट सही केली. तेव्हा मला राग क्लार्कचा आला होता. आता वाटतं, तिसऱ्या सहीच्या वेळी तरी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं.

काम काय ते सांगते. पाहुण्यांना फिरवणं त्यात फार थोडं. निर्वासितांसाठीचा जवळजवळ सगळा पैसा ऐच्छिक असतो. यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांचीच निर्वासितांसाठीची मोठी संस्था, पण तिलासुद्धा त्यांच्या नियमित बजेटमधून मिळतं ते नाममात्र, बाकी दरवर्षी सरकारांपुढे, कंपन्यांपुढे, माणसांपुढे पदर पसरायचा. आणि देणारा बहुतेक वेळा बोट दाखवून देतो: हे पाण्यासाठीच, याच वस्तीत, तेही मार्चच्या आत. ऑफिसात याला इअरमार्क म्हणतात. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं ना, तसंच. पंखे पाच होतात, विजेचं बिल भरायला कोणी नसतं.

मी आले त्याच महिन्यात युगांडातल्या दक्षिण सुदानी निर्वासितांचा आकडा दहा लाखांवर गेला होता. त्याआधी दोन महिने, जूनमध्ये, युगांडातल्या निर्वासितांसाठी इथंच परिषद झाली होती. आवाहन दोन अब्ज डॉलरचं होतं, वचनं मिळाली ती त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. युंबे जिल्ह्यात बिडीबिडी म्हणून वस्ती आहे. 2016 च्या ऑगस्टपर्यंत तिथं नुसती झुडपं होती, वर्षाअखेर अडीच लाखांहून जास्त माणसं. छावणी म्हणू नकोस हं, कुंपण नाही. इथलं सरकार घराला जमिनीचा तुकडा देतं, काम करू देतं. तिथल्या एका पाण्याच्या टाकीत तिघांचे पैसे होते. तीन अहवाल, तीन साचे, तिघांची आर्थिक वर्षं वेगळी. टाकीवर कोणाचा लोगो वर लावायचा यावर मी एक अख्खा दिवस ईमेल लिहिलेत, आणि खाली बायका पिवळे कॅन घेऊन रांगेत.

प्रोजेक्ट सपोर्ट म्हणजे पावत्या. भागीदार संस्थेनं डेस्क किती केले, संडास किती बांधले, किती खर्च झाला, जो झाला नाही तो का नाही. डिसेंबरात न खर्चलेल्या पैशानं माझी जितकी झोप उडवली तितकी कमी पडलेल्यानं नाही. मग 2018 मध्ये बोटांचे ठसे आणि बुबुळं घेऊन देशभर निर्वासितांची पुन्हा मोजणी झाली आणि सुमारे 14 लाखांचा आकडा 11 लाखांवर आला. देणगीदारांचे फोन काय थांबतात! आधी पाठवलेल्या प्रत्येक अहवालाला खाली टीप जोडत बसले होते मी. तुझ्या ट्रस्टमधला अनुभव इथं कामाला येईल. वर्षानुवर्षं पावतीपुस्तक सांभाळलेली बाई या कामात चटकन रुळते.

आता शाळेचं. इथं मी लांबण लावणार आहे, चालवून घे.

युगांडात शाळेचं वर्ष फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं. मी पोराला तिसरीतून जूनच्या पुस्तकांसकट उचलून ऑगस्टमध्ये आणलं. घराजवळच्या शाळेत म्हणाले, शेवटचं सत्र उरलंय, आता कसं घेऊ? वर दाखल्यावर जिल्हा शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिसही नाही. आम्ही त्याला हौसेनं मराठी माध्यमात घातलेलं, त्यामुळे इंग्रजीची चाचणीही गेली. फेब्रुवारीत या, म्हणाले, दुसरीत बसवू.

पाच महिने तो ऑफिसच्या फाटकाशी वॉचमनकाकांच्या बाकावर बसायचा. काकांनी त्याला लुगांडात मोजायला शिकवलं, एमु, बिरी, सातु. मी आत शाळाबाह्य मुलांसाठीचं प्रपोजल लिहीत होते. वस्तीतल्या शाळांत एकेका वर्गात शंभरावर मुलं, बाहेर राहिलेली वेगळीच. त्यात माझंच एक वाक्य होतं: शाळेविना गेलेला प्रत्येक महिना मुलाला मागे ठेवतो. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते पहिल्या पानावर घेतलं. संध्याकाळी बडोद्याहून फोन यायचा, तिथं इथल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे त्यांची जेवणं उरकलेली. बाबा विचारायचे, "शिकतोय ना?" मी म्हणायची, "शिकतोय." नोव्हेंबरपर्यंत मी त्यांना सांगितलंच नाही. कळलं ते पोराकडूनच. काकांनी शंभरपर्यंत शिकवलं म्हणून तो कौतुकानं फोनवर मोजायला लागला.

मग कोविड. इथल्या शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या, मधे काही वर्ग थोडे दिवस भरले, पण पूर्ण उघडल्या त्या थेट जानेवारी 2022 मध्ये. जगात इतका काळ कुठेच बंद नव्हत्या. त्या जूनमध्ये तो म्हणाला, मी बाबांकडे जातो. बडोद्यात त्याला सातवीत घेतलं. आता दहावीला आहे, बरोबरीची मुलं अकरावीत. तो काही बोलत नाही. मीच मोजत बसते.

आणखी एक सांगते, ते कामातलंच आहे. देणगीदाराला आकडे पुरत नाहीत, एका माणसाची गोष्ट हवी असते. बिडीबिडीतल्या एका मुलाची मी लिहिली, अकरा वर्षांचा, आईवडील नाहीत, वर्गात पहिला. अहवाल जायच्या दिवशी दुपारी तिकडच्या सहकाऱ्याचा फोन आला की मुलगा मामाबरोबर सीमेपलीकडे परत गेला. पाचला मुदत संपत होती. 'शिकतो आहे' याचं 'शिकत होता' करायला दोन मिनिटं लागली असती. पण मग 'का गेला' तेही लिहावं लागलं असतं, त्याला साच्यात रकाना नव्हता, आणि पुढच्या वर्षीचा निधी त्याच अहवालावर ठरायचा होता. मी 'शिकतो आहे' तसंच ठेवलं. निधी आला, त्यातून वर्गही उभे राहिले. कोणाला फसवलं का, हे अजून ठरवता आलेलं नाही. तू मुलांचे फोटो काढशील, गोष्टी लिहिशील, तेव्हा असा फोन तुलाही एकदा येईल.

आमच्या घरमालकीणबाई गुजराती आहेत. 1972 मध्ये ईदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत जायला सांगितलं, तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. युरोपातल्या एका छावणीतून कुठे कुठे फिरून नव्वदीच्या दशकात परत आल्या. मी काय काम करते ते ऐकून एवढंच म्हणाल्या, "अमाराय फोटा पाड्या'ता." आमचेही फोटो काढले होते. आणि हांडवो पुढे केला.

एकटेपणाचं म्हणशील तर, असतो, त्याला काही करता येत नाही, पुढे जाऊ. कंपाला रोडवर बँक ऑफ बडोदा आहे, 1953 पासूनची. सुरुवातीला मी काम नसताना आत जाऊन बसायची. ऑफिसच्या जेवणात 'पोशो' लिहिलेलं दिसेल, ते पोहे नव्हेत, मक्याच्या पिठाचा गोळा आहे. चपातीला मात्र चपातीच म्हणतात, अंडं घालून गुंडाळली की 'रोलेक्स'. गुजराती येतं तुला, त्यामुळे उपाशी राहणार नाहीस.

पैशाचं मात्र नीट ऐक. 2025 मध्ये अमेरिकेनं हात आखडता घेतल्यावर यूएनएचसीआरनं जगभरातली सुमारे साडेतीन हजार पदं कमी केली. मे महिन्यात जागतिक अन्न कार्यक्रमानं युगांडातल्या दहा लाख निर्वासितांचा शिधा बंद केला. व्हॉलंटिअरचा करार तर वर्षाचा असतो. मुदतवाढ मिळेल असं धरून तिथलं घर सोडू नकोस, मुलीचं शाळेतलं नावही घाईनं काढू नकोस.

येऊ नको असं मी म्हणत नाही. मी अजून इथंच आहे, यावरून काय ते समज. दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिसही आधी करून घे. आणि रुजू व्हायची तारीख ऑगस्टची दिली तर जानेवारी मागून घे. फार तर नाही म्हणतील. मी मागितलंच नव्हतं.