आधी विचारा, जोडी कुठली?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी दहावीला आहे, सूत्री आणि अर्धगुणसूत्री या पेशी विभाजनाच्या दोन प्रकारांमधल्या फरकाचा तक्ता तिला तोंडपाठ आहे, तरी सराव परीक्षेत सगळं उलटं लिहून आली. २८ वर्षं इथे पुण्यात हाच धडा शिकवला. तिला अवस्थांची नावं पुन्हा घोकायला लावू नका. पूर्व, मध्य, पश्च, अंत्य हे तिला येतंच असणार. घोळ ‘जोडी’ या एका शब्दात आहे.

पुस्तकात दोन वेगळ्याच गोष्टींना आपण जोडी म्हणतो. गुणसूत्रं म्हणजे पेशीतले आनुवंशिक माहिती वाहणारे धागे. समजात गुणसूत्रांची जोडी, म्हणजे एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून. ती सारख्या मापाची असतात, पण एकमेकांची नक्कल नसतात. अर्धगुणसूत्रांची जोडी मात्र एकाच गुणसूत्राची मूळ प्रत आणि तिची झेरॉक्स, गुणसूत्रबिंदूपाशी एकत्र टाचलेली. मीसुद्धा सुरुवातीची कित्येक वर्षं फळ्यावर सगळं पांढऱ्याच खडूने काढायचे, आणि मुलांना दोन्ही जोड्या एकच वाटायच्या. चूक माझी होती.

तुळशीबागेतून बुटाच्या लाल आणि निळ्या नाड्या आणि चार टिचबटणं आणा. नाड्या कापून लाल दोन लांब, दोन आखूड करा, निळ्याही तशाच. लाल आईच्या, निळ्या वडिलांच्या. एका रंगाच्या, एका मापाच्या दोन नाड्यांच्या मधोमध टिचबटणाचे दोन भाग शिवायचे आणि बटण लावून टाकायचं. झाली चार गुणसूत्रं. मोजायचा नियम एवढाच: लागलेलं बटण म्हणजे एक गुणसूत्र, उघडलं की दोन.

आता सूत्री विभाजन तिच्याच हाताने करू द्या. चारही ताटात एका ओळीत मांडायची, सगळी बटणं उघडायची, एकेक नाडी दोन बाजूंना ओढायची. दोन्हीकडे चार-चार. मधल्या क्षणी ताटात आठ असतात. माणसाच्या पेशीत ४६ असतात, म्हणून पश्चावस्थेत, म्हणजे ती दोन बाजूंना ओढली जाताना, काही काळ ९२ मोजली जातात. ‘एवढी आली कुठून?’ असं विचारणाऱ्या मुलाला मी नेहमी शाबासकी द्यायचे.

मग अर्धगुणसूत्री. बटणं पुन्हा लावून घ्या. याचे दोन भाग असतात; आधी पहिला. लांब लालसमोर लांब निळं, आखूडसमोर आखूड. इथे बटणाला हात लावायचा नाही! अख्खं लाल एकीकडे, अख्खं निळं दुसरीकडे. प्रत्येक बाजूला दोनच उरली. संख्या निम्मी होते ती इथे, पहिल्या भागात. बहुतेक मुलं ‘दुसऱ्या भागात’ लिहितात आणि गुण घालवतात. दुसऱ्या भागात फक्त बटणं उघडतात, म्हणजे तो जवळजवळ सूत्री विभाजनासारखाच; चार पेशी तयार होतात, प्रत्येकीत दोन.

तिला हेही करून बघू द्या: लांब लाल डावीकडे गेलं, म्हणजे आखूड लालही डावीकडेच जायला हवं का? नाही. प्रत्येक जोडी आपापली बाजू घेते. माणसात २३ जोड्या, म्हणजे एवढ्यावरच ८३,८८,६०८ प्रकारची युग्मकं, म्हणजे अंडपेशी किंवा शुक्रपेशी. शिवाय समोरासमोर आलेली गुणसूत्रं आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, ती धरलेलीच नाही. सख्ख्या बहिणी वेगळ्या का दिसतात, ते यात आलं.

मोजण्यात चुकली तर रागावू नका. माणसात ४८ गुणसूत्रं असतात असं शास्त्रज्ञही तीसेक वर्षं धरून चालले होते. ४६ हा आकडा १९५६ मध्ये पक्का झाला.

‘फरक स्पष्ट करा’ आला तर पहिला मुद्दा कुठे घडतं हा लिहायचा: सूत्री विभाजन कायिक (म्हणजे शरीराच्या साध्या) पेशी आणि मूलपेशींत, अर्धगुणसूत्री युग्मकं तयार होताना. आकृतीत दोन रंगांच्या पेन्सिली चालत नसतील तर एक गुणसूत्र रेघांनी भरायचं, दुसरं मोकळं ठेवायचं.

नाड्या बाजूला ठेवल्यावर तिला कांद्याबद्दल विचारा. त्याच्या मुळाच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. तिथे सूत्री विभाजनाच्या पश्चावस्थेत किती? फुलात परागकण तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजनाचा पहिला भाग संपला की प्रत्येक पेशीत किती? ३२ आणि ८ असं न अडखळता आलं तर धडा झाला. दुसऱ्या उत्तराला १६ म्हणाली, तर तिने पहिल्याच भागात बटणं उघडली आहेत. नाड्या पुन्हा काढा.