मोटरहोमचे टायर, २,३०० डॉलरची हत्यारं आणि काकांची पाठ

प्रश्न थोडक्यात असा. ह्यूस्टनचे एक वाचक, वय ६३, नुकतेच निवृत्त. पस्तीस फुटी जुनी मोटरहोम (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेतली आहे, साडेबावीस इंची चाकं, सहाही टायर सात वर्षांचे. दुकानदार जुना काढून नवा टायर चढवायचे आणि बॅलन्सिंगचे प्रत्येकी ७५ डॉलर मागतो. त्यापेक्षा २,३०० डॉलरची हत्यारं घेऊन घरीच बदलावे, पैसे आयआरएमधून (अमेरिकेतलं निवृत्ती बचत खातं) काढावे आणि वर्षाला १८० डॉलरची रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी अडली तर मदत पाठवणारी योजना) बंद करावी, असा बेत आहे.

काका (पत्राखाली सही तुम्हीच तशी केलीत), आधी हिशेब. ७५ गुणिले सहा म्हणजे ४५० डॉलर, तेही सहा-सात वर्षांतून एकदा. हत्यारांचे पैसे वसूल व्हायला पाचाहून जास्त वेळा टायर बदलावे लागतील. तोवर तुम्ही नव्वदीकडे झुकलेले असाल. शिवाय आयआरएमधून काढलेल्या पैशांवर आयकर लागतो आणि तुम्ही २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहात. हातात २,३०० यायला आयआरएमधून सुमारे २,९५० काढावे लागतील. बचत खात्यात ३० हजार पडून असताना हे कशाला?

कात्रजच्या घाटात ॲम्बेसिडरची स्टेपनी वीस मिनिटांत बदलायचो, असं लिहिलंत. खरं असेल. पण या गाडीला स्टेपनीच नाही! रस्त्यात टायर फुटला तर जॅक, इम्पॅक्ट रेंच सगळं हाताशी असूनही नवा टायर कुणीतरी आणून द्यायची वाट बघायची. म्हणून असिस्टन्स बंद करू नका. फक्त तुमच्या गाडीची लांबी आणि वजन त्यात बसतं का, हे लेखी मागवा. टायरची किंमत बहुतेक योजनांत आपल्याच खिशातून जाते, हेही धरून चला.

साध्या कारचे नट शंभर फूट-पाउंडांच्या (आवळायच्या जोराचं माप) आसपास आवळतात. या चाकांचे ४५० ते ५००. रिमसकट चाक ऐंशी किलोच्या घरात. तुमच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, मेडिकेअरला (पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा) दोन वर्षं आहेत आणि सध्याच्या विम्याचं डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम) ७,००० डॉलर. पाठ एकदा लचकली की त्या ४५० डॉलरचा हिशेब कोण करणार? आणि गाडीचे लेव्हलिंग जॅक गाडी समतल करायला असतात. त्यांच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

मात्र तुमच्या हत्यारांच्या सगळ्या यादीवर मी फुली मारत नाही. टायरमधली हवा सतत दाखवणारी टीपीएमएस (३०० डॉलर) नक्की घ्या. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेली तर सगळा भार बाहेरचा उचलतो आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ठरलेल्या जोराने नट आवळणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंचही (३५०) घ्या, कारण चाक बसवल्यावर ५० ते १०० मैलांनी नट पुन्हा तपासायचे असतात आणि त्यासाठी कुणी दुकानात परत जात नाही. वर हवा मोजायचा एक चांगला गेज. झाले ६८०. बाकीचं राहू द्या. पंधरा-वीस डॉलर देऊन ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर भरलेली गाडी तोलून घ्या. हवा किती भरायची ते टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनावरून कळतं.

टायर ५०० चा धरला तर मजुरीसकट सहांचे ३,४५० होतात. या वेळचे बचत खात्यातून द्या. पुढच्या खेपेसाठी दरमहा ४८ डॉलर वेगळे टाका, सहा वर्षांत तेवढे जमतात.

आणि दुकानात नवे टायर आले की टायरच्या बाजूवर उमटवलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर पूर्ण किमतीला घेऊ नका. हे आकडे कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून चढवण्याआधीच वाचा. नाहीतर नंतर टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटावं लागेल, आणि ते काकू करू देणार नाहीत.