नैवाशाला जरूर जा, पण ज्येष्ठ नागरिक ठेव मोडून नव्हे

आपल्या पत्रावरून समजते ते असे. आपले वय ६१ आणि यजमानांचे ६३ आहे. केनियातील नैवाशा सरोवराकाठी निवांत राहून पाणघोडे आणि पक्षी पाहावेत, अशी आपली अनेक वर्षांची इच्छा आहे. सहल कंपनीने मसाई मारा हे वन्यप्राण्यांचे अभयारण्य धरून आठ दिवसांचे दोघांचे ६ लाख रुपये सांगितले आहेत आणि ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील १५ लाखांची ठेव मोडून उभे करावेत की कर्ज काढावे, असा आपला प्रश्न आहे. यजमानांचे निवृत्तिवेतन दरमहा ४८,००० रुपये आणि घरखर्च ५०,००० रुपये आहे. याशिवाय ५ लाखांची एक बँक ठेव डिसेंबरमध्ये पूर्ण होते आणि ३ लाख रुपये अडीअडचणीसाठी वेगळे ठेवलेले आहेत.

ज्येष्ठ नागरिक ठेवीतून काही भाग काढता येत नाही, संपूर्ण खाते बंद करावे लागते. आपली ठेव अडीच वर्षांची असल्याने १ टक्का, म्हणजे १५,००० रुपये कापले जातील. ८.२ टक्के दराने आज आपल्याला दर तिमाहीला ३०,७५० रुपये, म्हणजे महिन्याला १०,२५० रुपये मिळतात. उरलेले ८ लाख ८५ हजार याच दराने पुन्हा गुंतवता आले, तरी उत्पन्न महिन्याला सुमारे ४,२०० रुपयांनी घटेल आणि आज दरमहा उरणारे ८,२५० रुपये निम्म्यावर येतील. कर्जाचा पर्याय याहून वाईट आहे. तेरा टक्के दराने तीन वर्षांसाठी ६ लाख घेतल्यास हप्ता २०,००० रुपयांच्या वर जातो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख २८ हजार होते. हे दोन्ही मार्ग मी आपल्याला सुचवणार नाही.

मात्र सहल रद्द करा, असेही मला म्हणायचे नाही. हिंडण्याफिरण्याची ताकद असताना अशी इच्छा पूर्ण व्हावी, असे मला मनापासून वाटते. आपल्याला हवे आहे ते सरोवर, आणि खर्च वाढतो आहे तो मसाई मारामुळे. तेथे जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर प्रवेशशुल्क पडते, म्हणजे दोघांच्या दोन दिवसांचे ८०० डॉलर केवळ प्रवेशातच जातात. नैवाशा हे राष्ट्रीय उद्यान नसल्यामुळे काठावर राहण्यासाठी असे रोजचे शुल्क नाही. नैरोबीपासून ते सुमारे ९० किलोमीटरवर आहे, त्यामुळे देशांतर्गत विमानही लागत नाही. पाणघोडे नावेतून दिसतात आणि गेंड्यांसाठी नाकुरूचे राष्ट्रीय उद्यान एका दिवसात पाहून परतता येते. फेब्रुवारीत तेथे हवा बहुधा कोरडी असते आणि युरोपातून आलेले स्थलांतरित पक्षीही असतात. तोवर आपली बँक ठेव हातात आलेली असेल. तिचे व्याज घरखर्चात धरलेले नसल्याने संसाराच्या गणितावर ताण येणार नाही. त्यातील सव्वाचार लाख ही सहलीची कमाल मर्यादा समजा. दरपत्रक त्यापुढे गेले तर दिवस कमी करा. वेगळ्या ठेवलेल्या ३ लाखांना हात लावू नका.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी डॉक्टरांना भेटणे अत्यंत आवश्यक आहे. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचे प्रमाणपत्र लागते, ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि नसल्यास विलगीकरणात राहावे लागू शकते. साठीनंतर ही लस प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, त्यामुळे लस घ्यायची की नाही हा निर्णय आधी झाला पाहिजे. अन्यथा परत न मिळणारी रक्कम अडकेल. प्रवास विमा घेताना जुने आजार स्पष्ट नोंदवा आणि हवाई रुग्णवाहिकेचा खर्च त्यात आहे ना, हे पाहा.

सहल कंपनी टीसीएस, म्हणजे सहलीचे पैसे घेतानाच गोळा केला जाणारा कर, घेईल. तो प्राप्तिकर विवरणपत्रात करापोटी वळता होतो किंवा परत मिळतो, परंतु तोपर्यंतची रोकड हाताशी हवी. तो कोणाच्या पॅनवर जमा होणार, तेही आधीच ठरवा. गेल्या काही वर्षांत नैवाशाचे पाणी बरेच वाढले आहे, म्हणून अगदी काठावरची खोली घेण्यापूर्वी तेथे पाणी शिरले होते का, हे विचारा आणि तशी वेळ आल्यास पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्या.