दोन नाणी फेकल्यावर शक्यता तीन की चार?

आपला प्रश्न असा आहे की, दोन सारखी नाणी एकदम फेकली तर दोन्ही छापे, दोन्ही काटे किंवा एकेक असे तीनच प्रकार दिसतात, तरी पुस्तकातील नमुना अवकाशात, म्हणजे सर्व शक्य निष्पत्तींच्या यादीत, चार घटक का, आणि मुलीला संभाव्यता शिकवायला सुरुवात कुठून करावी. याच तीन-चारच्या घोळात मी एकदा गुण गमावले आहेत, म्हणून लिहायला बसलो.

दहावीच्या सराव परीक्षेत 'एक छापा व एक काटा मिळण्याची संभाव्यता काढा' या प्रश्नाला मी १/३ असे उत्तर लिहिले होते. सरांनी लाल फुली मारली, आणि कारण विचारले तेव्हा 'पुस्तकात चार आहेत, म्हणून चार' एवढेच सांगितले. माझे उत्तर चुकले होते, यात वाद नाही. पण ते कारण त्याहून चुकीचे होते.

त्या रविवारी मी पाच रुपयांचे पितळी आणि एक रुपयाचे स्टीलचे नाणे घेऊन सतरंजीवर बसलो, आणि ताईने वहीच्या मागच्या पानावर ताळ्याच्या खुणा केल्या. दोनशे फेकींत दोन्ही छापे ४६ वेळा, दोन्ही काटे ५१ वेळा आणि मिश्र निष्पत्ती १०३ वेळा आली. मिश्र फेकी इतरांच्या दुप्पट का, हे ताईच्या आधी लक्षात आले, कारण तिने त्या दोन रकान्यांत लिहिल्या होत्या: पाचाचा छापा व रुपयाचा काटा ५५ वेळा, आणि त्याच्या उलट ४८ वेळा. मग मी दोन एक रुपयाची नाणी घेऊन त्यांतील एकावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपका दिल्याने नाणे पडण्याची पद्धत बदलत नाही, आणि तो पुसल्यानेही बदलत नाही. आपल्याला नाणी ओळखता येत नसली, तरी ती दोन वेगळी नाणीच असतात. आपल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. तीन प्रकार मोजणे ही चूक नव्हे. ते तीन समशक्य, म्हणजे सारख्याच शक्यतेचे, आहेत असे धरून एकाला तीनने भागणे ही चूक आहे.

वही सरांना दाखवली, तेव्हा ती न उघडताच त्यांनी 'परीक्षेत प्रयोग चालत नाहीत' असे म्हटले. पुढे कधीतरी वाचनात आले की, दालांबेर या मातब्बर फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातील छापा-काट्यावरील लेखात जवळपास हाच घोटाळा केला होता. पहिल्याच फेकीत छापा आला तर डाव संपतो, म्हणून शक्यता तीनच, असे मानून त्याने दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता ३/४ ऐवजी २/३ ठरवली. जिथे दालांबेर घसरला, तिथे पंधरा वर्षांच्या मुलाला फुलीबरोबर एक वाक्य मिळायला हरकत नव्हती.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. 'चार' हे नाण्यांचे सत्य आहे, गणिताची आज्ञा नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली प्रकाशकणांची मोजणी केली, ती ते कण मुळातच अभिन्न आहेत असे धरून. तिथे दोन कण आणि दोन अवस्था घेतल्या, तर तीन मांडण्याच समशक्य ठरतात. सर असते, तर हे मी त्यांना आवर्जून सांगितले असते. सराव परीक्षेत अर्थातच चारच लिहावेत.

मुलीला सूत्र देण्याआधी दोन वेगळ्या रंगांची नाणी द्यावीत आणि फेकींची नोंद तिच्याच हाताने करवून घ्यावी. पत्त्यांची उदाहरणे नंतर घ्यावीत. आमच्या घरी पत्त्यांना मज्जाव होता, त्यामुळे चित्रयुक्त पत्ते बारा हे मी पाढ्यासारखे पाठ केले होते, आणि गुलाम दिसतो कसा, हे मला बारावीनंतर कळले.