वाचकांचे प्रश्न : टीव्हीच्या पडद्यावरचे इंटरनेट

टीव्ही संचावरून इंटरनेट वापरण्याविषयी बऱ्याच वाचकांनी लिहिले आहे. त्यांतील चार प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत.

प्रश्न : टीव्हीवर इंटरनेट ही कल्पना स्मार्ट टीव्हीबरोबरच जन्माला आली, असे मी समजत होतो. ती याहून जुनी आहे का?

उत्तर : बरीच जुनी आहे. तिचे पहिले रूप तर इंटरनेट घरांत पोहोचण्याच्याही आधीचे आहे. बीबीसीने ब्रिटनमध्ये १९७४ साली सीफॅक्स ही सेवा सुरू केली. टीव्हीच्या प्रक्षेपणात ज्या काही रेषा चित्रासाठी वापरल्या जात नसत, त्यांतून बातम्या, हवामान आणि सामन्यांचे निकाल अशा मजकुराची पाने पाठवली जात आणि प्रेक्षक रिमोटवर पानाचा क्रमांक दाबून ती वाचत असे. ही वाहतूक एकाच दिशेची होती. पुढे १९७९ मध्ये तेथील टपाल खात्याने प्रेस्टेल आणले. त्यात टीव्ही दूरध्वनीच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडला जाई आणि घरातून उलट निरोपही धाडता येई. पण त्याला अपेक्षेइतके ग्राहक कधीच मिळाले नाहीत. फ्रान्सच्या मिनिटेल या दूरध्वनीला जोडायच्या यंत्राला मात्र १९८२ नंतर ते लाखांनी मिळाले. हे यंत्र घरी मोफत वापरायला मिळत असे, हे त्या यशाचे मोठे कारण होतेच. पण ते टीव्हीवर अवलंबून नव्हते, ही गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. स्वतःचा लहानसा पडदा आणि कळफलक घेऊन ते मेजावर बसे, आणि वाचणारा माणूस त्याच्या अगदी जवळ असे.

खऱ्या अर्थाने इंटरनेट टीव्हीवर आणणारी पहिली मोठी सेवा म्हणजे अमेरिकेतील वेबटीव्ही. स्टीव्ह पर्लमन, ब्रूस लीक आणि फिल गोल्डमन यांनी १९९५ मध्ये ती कंपनी उभी केली आणि १९९६ च्या सप्टेंबरात सोनी व फिलिप्स यांनी बनवलेले तिचे बॉक्स दुकानांत आले. बॉक्सची किंमत साधारण ३३० ते ३५० डॉलर होती आणि सेवेसाठी महिन्याला १९.९५ डॉलर पडत. संगणकाला तेव्हा याच्या कितीतरी पट पैसे लागत. व्यवहार सुरक्षित राहावेत म्हणून या बॉक्समध्ये जे कूटलेखन, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत, वापरले होते, ते इतके भक्कम होते की तेव्हाच्या अमेरिकी निर्यात नियमांनुसार तो बॉक्स युद्धसामग्रीच्या वर्गात गणला गेला. १९९७ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी ४२.५ कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले.

प्रश्न : इतकी स्वस्त आणि सोपी सोय असूनही ती मागे का पडली?

उत्तर : अभियंत्यांनी कसूर केली म्हणून नव्हे, एवढे आधी सांगायला हवे. त्यांच्यासमोरचा पडदाच मुळात या कामासाठी बनलेला नव्हता. तेव्हाच्या अमेरिकी टीव्हीवर सेकंदाला सुमारे साठ वेळा अर्धे चित्र उमटत असे, एका फेरीत विषम रेषा आणि दुसऱ्या फेरीत सम रेषा. हलत्या दृश्यात डोळ्यांना हे कळत नाही. परंतु स्थिर पानावरची एखादी बारीक आडवी रेघ किंवा अक्षराचा पातळ भाग एका फेरीत दिसतो आणि पुढच्या फेरीत नाहीसा होतो, त्यामुळे तो सतत थरथरत राहतो. वेबटीव्हीने ही थरथर कमी करण्यासाठी खास तजवीज केली, अक्षरे मोठी केली आणि संपूर्ण पान ५४४ पिक्सेल रुंदीत बसवले. संगणकाच्या ६४० किंवा ८०० पिक्सेल रुंदीच्या पडद्यासाठी आखलेली पाने या जागेत कोंबताना रकाने मोडत आणि चित्रे आकसत. बॉक्समधली तात्पुरती स्मृती (रॅम) अवघी दोन मेगाबाइट होती. म्हणून चित्रे कंपनीच्या सर्व्हरवरच लहान करून मग दूरध्वनीच्या तारेवरून माहिती नेणाऱ्या ३३.६ किलोबिटच्या मोडेममधून घरी पाठवावी लागत, आणि तेवढा वेळ घरातला दूरध्वनी अडकून राही.

हे सगळे सहन करणारा ग्राहकही पुढे दुसऱ्याच कारणाने अडला. संकेतस्थळे दर काही महिन्यांनी नवी तंत्रे वापरू लागली होती. बॉक्समधली प्रणाली दूरध्वनीवरून सुधारता येत असे, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. पण प्रोसेसर आणि स्मृती वाढवता येत नव्हती. जावा या संगणकी भाषेत लिहिलेले भाग चालत नसत आणि एखादी फाइल उतरवून घ्यायला बहुतेक बॉक्समध्ये जागाच नसे. इकडे १९९९ पर्यंत पाचशे डॉलरच्या आसपास साधा संगणक मिळू लागला आणि वेबटीव्हीचा स्वस्ताईचा आधार निसटला.

या सर्वांच्या मुळाशी मला एक गोष्ट दिसते. वेबचे पान हातभर अंतरावर एकटा बसलेला, हातात माऊस असलेला वाचक गृहीत धरून लिहिलेले होते, तर टीव्ही दहा-बारा फुटांवरून, अनेकांनी मिळून, आरामात पाहण्याची वस्तू होती. घरातले सगळे समोर बसलेले असताना आपले खासगी पत्र मोठ्या अक्षरांत भिंतीपाशी उघडणे कोणाला आवडेल? पडदे पुढे सुधारले, जोडण्या वेगवान झाल्या, तरी ही अडचण जिथल्या तिथे राहिली.

तरीही या सेवेला निव्वळ अपयश म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांनी संगणकाला कधी हात लावला नसता अशा कितीतरी लोकांनी, विशेषतः वयस्कांनी, तिच्यावरून पहिले ईमेल पाठवले. २००१ मध्ये तिचे नाव एमएसएन टीव्ही झाले आणि ३० सप्टेंबर २०१३ रोजी ती बंद झाली. सतरा वर्षे चाललेल्या सेवेला ग्राहक नव्हते असे म्हणता येणार नाही.

प्रश्न : २०१० मध्ये गूगलसारख्या बलाढ्य कंपनीलाही टीव्हीवर पटकन यश का मिळाले नाही? तेव्हा तर पडदे आणि जोडण्या दोन्ही चांगल्या होत्या.

उत्तर : त्या वेळी अडचण तंत्राची कमी आणि हक्कांची जास्त होती. गूगल टीव्ही या तिच्या टीव्हीसाठीच्या प्रणालीचा ब्राउझर संकेतस्थळांवरचे कार्यक्रम थेट मोठ्या पडद्यावर दाखवू शकत होता. मात्र एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या अमेरिकी वाहिन्यांनी आपल्या संकेतस्थळांवरचे संपूर्ण भाग त्या संचांसाठी रोखून धरले, कारण संगणकावर दाखवण्याचा आणि टीव्हीवर दाखवण्याचा हिशेब त्यांच्या लेखी वेगळा होता. लॉजिटेक कंपनीने याच प्रणालीवर २९९ डॉलरना आणलेला बॉक्स २०११ मध्ये ९९ डॉलरवर उतरवला आणि मग त्या व्यवसायातून अंग काढून घेतले.

यश मिळाले ते ज्यांनी संपूर्ण वेब दाखवण्याचा हट्ट सोडला त्यांना. २००८ मधल्या रोकू या कंपनीच्या पहिल्या बॉक्सचे काम नेटफ्लिक्स दाखवणे एवढेच होते. २०१३ मध्ये गूगलनेच टीव्हीला जोडायचे ३५ डॉलरचे क्रोमकास्ट हे छोटे उपकरण आणले, ज्याला स्वतःचा रिमोटदेखील नव्हता. शोधणे आणि निवडणे हातातल्या मोबाइलवर, पाहणे टीव्हीवर. ही कामाची वाटणी पटली आणि टिकली. आजही टीव्हीवर एखाद्या सेवेत प्रवेश करताना पडद्यावर एक संकेतांक दिसतो आणि तो आपण मोबाइलवर भरतो, ते याच शहाणपणामुळे.

प्रश्न : माझ्या आईला संगणक नको आहे आणि मोबाइलचा पडदा तिला लहान पडतो. सगळे इंटरनेट टीव्हीवरच देता येईल असे दिवस येतील का? तोवर काय घ्यावे?

उत्तर : पाहण्यापुरते ते दिवस आलेलेच आहेत. टीव्ही किती पाहिला जातो हे मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार मे २०२५ मध्ये अमेरिकेतील टीव्हीसमोरच्या वेळेपैकी ४४.८ टक्के वेळ स्ट्रीमिंगने, म्हणजे इंटरनेटवरून पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांनी, व्यापला, आणि प्रक्षेपण व केबल यांचा एकत्रित वाटा प्रथमच त्याच्या खाली, ४४.२ टक्क्यांवर गेला. वाचन, पत्रव्यवहार आणि अर्ज भरणे ही कामे मात्र टीव्हीकडे येतील असे मला वाटत नाही. आवाजाने शोध घेणे सोपे झाले असले, तरी लांब मजकूर तपासून दुरुस्त करायला बोट किंवा कळफलक लागतोच.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अनेक स्मार्ट टीव्ही पडद्यावरील चित्राचे नमुने घेऊन आपण काय पाहतो हे ओळखतात आणि ती माहिती जाहिरातींसाठी वापरली जाते. अमेरिकेत विझिओ कंपनीने सुमारे १.१ कोटी संचांवरून प्रेक्षकांच्या संमतीशिवाय अशी माहिती गोळा केल्याचा आरोप झाला आणि २०१७ मध्ये तिने २२ लाख डॉलर देऊन तो मिटवला. उघडताक्षणी समोर येणाऱ्या पानावर कोणते कार्यक्रम आधी दिसावेत, हेही प्रेक्षकापेक्षा कंपनीच अधिक ठरवते. वयस्क माणसे या मांडणीलाच इंटरनेट समजून चालतात, हे मला फार खटकते.

आईसाठी मोठ्या अक्षरांचा टॅब्लेट घ्यावा. पत्रे आणि वाचन त्यावर होईल आणि एखादी चित्रफीत मोठी पाहायची झाल्यास ती तिथूनच टीव्हीवर पाठवता येईल. टीव्ही घेताना सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार हे विक्रेत्याला लेखी विचारावे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून उत्पादकाला हा कालावधी जाहीर करावाच लागतो. पडदा दहा वर्षे टिकतो, त्यातली प्रणाली बहुधा त्याआधीच जुनी होते. तसे झाले म्हणून संच बदलण्याची गरज नाही. त्याची इंटरनेट जोडणी बंद करून एखादा स्वतंत्र बॉक्स किंवा स्टिक लावावी. नवा संच पहिल्यांदा सुरू करताना पाहण्याची माहिती घेण्यास संमती मागितली जाते, तेव्हा आईच्या शेजारी बसून ती नाकारावी. ती आधीच दिलेली असेल, तर सेटिंगमधील गोपनीयतेच्या विभागात जाऊन बंद करता येते.