‘फायरवॉल बंद केली, आता प्रिंटर चालेल’

प्रश्न : स.न.वि.वि. मी निवृत्त शिक्षक आहे. घरी फायबरचं इंटरनेट, माझा विंडोज 11 चा लॅपटॉप आणि सूनबाईंचा विंडोज 10 चा डेस्कटॉप आहे. डेस्कटॉपला जोडलेला प्रिंटर लॅपटॉपवरून चालत नव्हता. दुरुस्तीला आलेल्या मुलाने दोन्हीकडची फायरवॉल बंद केली आणि प्रिंटर लगेच सुरू झाला. “राउटर आहे, अँटीव्हायरस आहे, फायरवॉल लागत नाही,” म्हणाला. तेव्हापासून लाल फुली दिसते. भाचा म्हणतो, चांगली विकतची फायरवॉल टाका. पेन्शन आणि बँकेचं सगळं मी लॅपटॉपवरच बघतो. काय करावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : सर, आधी फायरवॉल चालू करा, बाकीचं मग वाचा. स्टार्ट दाबून ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करा आणि ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ उघडा. डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक असे तीन भाग दिसतील. तिन्ही चालू करा. त्याच पानावर ‘रीस्टोअर फायरवॉल्स टू डिफॉल्ट’ असंही लिहिलेलं असतं. त्या मुलाने आणखी काय काय उघडून ठेवलंय ते शोधत बसण्यापेक्षा तेच एकदा दाबा. एखाद्या प्रोग्रॅमला पूर्वी दिलेली परवानगी जाईल आणि तो पुन्हा विचारेल, इतकंच. डेस्कटॉपवरही हेच करा.

आता प्रिंटर. तो अडला होता याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : विंडोजने तुमच्या घरच्या वाय-फायला ‘पब्लिक’ समजलेलं असतं. नवीन नेटवर्क दिसलं की विंडोज तसंच समजतं, आणि स्टेशनवरच्या किंवा लॉजमधल्या वाय-फायसाठी ते बरोबरच आहे. घरच्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘प्रायव्हेट’ निवडा. मग फायरवॉलच्या पानावर ‘अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल’मध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’समोर फक्त प्रायव्हेटच्या चौकोनात खूण करा. एवढ्यासाठी अख्खी फायरवॉल बंद करणाऱ्या मुलांवर माझा खरंच राग आहे. ग्राहक समोर उभा असतो, प्रिंट निघाली की पैसे मिळतात, आणि लाल फुली तुमच्याकडेच राहते. तुमच्या प्रिंटरमध्ये वाय-फाय असेल तर तो सरळ राउटरला जोडा, म्हणजे डेस्कटॉपवरून शेअरिंग करण्याची भानगडच उरत नाही.

फायरवॉल नक्की काय करते? इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्रावर 0 ते 65535 असे क्रमांक दिलेले पोर्ट, म्हणजे जणू दारं, असतात आणि वेगवेगळे प्रोग्रॅम त्यांवर कान लावून बसलेले असतात. तुम्ही स्वतः बँकेची साइट उघडली की तिचं उत्तर फायरवॉल आत येऊ देते, कारण मागणी तुमची होती. न मागता कोणी एखाद्या पोर्टवर आलं, तर त्याला ती उत्तरच देत नाही. अँटीव्हायरस आत आलेली फाइल तपासतो. फायरवॉल मुळात बोलणंच सुरू होऊ देत नाही. कामं वेगळी आहेत.

यात किती फरक पडतो ते ऑगस्ट 2003 मध्ये मी रोज बघत होते. तेव्हा ठाण्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा व्हायरस, पोर्ट 135 वरून विंडोज एक्सपी आणि 2000 मध्ये शिरायचा. कोणी मेल उघडायची गरज नव्हती, कुठे क्लिक करायची गरज नव्हती. इंटरनेट जोडलं, थोडा वेळ गेला, की पडद्यावर खिडकी यायची आणि 60 सेकंद उलटे मोजले जायचे. मग मशीन बंद होऊन पुन्हा सुरू. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती जुलैमध्येच दिली होती, पण डायल-अपवर ती उतरवायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात वर्म पुन्हा आत. गिऱ्हाइकांना फोनवर सांगावं लागे : खिडकी आली की रनमध्ये ‘शटडाउन -ए’ टाइप करा, मोजणी थांबेल. नवीन एक्सपी टाकताना मी वायर जोडायच्या आधी एक खूण करायचे, ती फायरवॉलची. एक्सपीमध्ये ती होती, पण मूळ बंद असायची! कुठल्या तरी टॅबच्या पोटात दडलेली. पुढच्या वर्षी सॅसर नावाच्या वर्मने पोर्ट 445 वरून तोच प्रकार केला आणि ऑगस्ट 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 पासून मायक्रोसॉफ्टने ती आपणहून चालू ठेवायला सुरुवात केली. त्या मुलाने बंद केली ती हीच गोष्ट.

‘राउटर आहे ना’ हे त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. राउटरमुळे तुमच्या लॅपटॉपचा 192.168 ने सुरू होणारा पत्ता बाहेर दिसत नाही, म्हणून न मागता आलेलं बरंच काही राउटरवरच अडतं. पण ते आयपीव्ही 4 या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीपुरतं. आयपीव्ही 6 या नव्या पद्धतीमध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राला बाहेरून चालणारा पत्ता मिळू शकतो आणि तिथे राउटरच्या स्वतःच्या फायरवॉलवर भिस्त असते. शिवाय राउटर दोन बाजूंच्या मध्ये बसतो. घरातल्या घरात काय चाललंय त्यात तो सहसा पडत नाही. दिवाळीत आलेल्या पाहुण्याचा बिघडलेला लॅपटॉप तुमच्याच वाय-फायवर असतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या वर्मने जगभरातल्या कचेऱ्या बंद पाडल्या, तेव्हा एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात तो पोर्ट 445 वरूनच जात होता.

आणि हो, फाइल शेअरिंग चालू केलं की हेच 445 तुम्ही घरापुरतं उघडता. म्हणून अपडेट टाळू नका. डेस्कटॉपच्या विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. यंत्र 11 चालवू शकत असेल तर बदला. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव घाला, आणि बँक त्यावर उघडू नका.

भाच्याला सांगा, विकत घेऊ नको. विकतच्या फायरवॉलचं मोठं आकर्षण म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमबद्दल त्या विचारतात. विंडोजची फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये आत येणाऱ्यांना अडवते आणि बाहेर जाणाऱ्यांना सोडते. पूर्वी झोनअलार्म नावाची फायरवॉल असं विचारायची. मी ती पुष्कळांना टाकून दिली होती आणि काही दिवसांनी सगळेच ‘अलाऊ’ दाबत सुटायचे, कारण ‘एसव्हीसीहोस्ट बाहेर जाऊ पाहत आहे’ याचं उत्तर घरच्या माणसाने काय द्यायचं? विंडोज तुम्हाला क्वचितच विचारेल, आणि विचारेल ते एखाद्या प्रोग्रॅमला बाहेरून येणारे संपर्क घ्यायचे असतील तेव्हा. ओळखीचा नसेल तर कॅन्सल करा. इंटरनेट बंद पडत नाही, बहुतेक प्रोग्रॅमही चालूच राहतात.

एका गोष्टीत मात्र कुठलीच फायरवॉल कामाला येणार नाही. ‘बँकेतून बोलतोय, पेन्शन अडकली आहे, हे अ‍ॅप टाका’ असा फोन आला आणि तुम्ही स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकून त्याला त्यावरचा नंबर सांगितलात, तर संपर्क आतून बाहेर, तुमच्या परवानगीने गेलेला असतो. असं झालंच तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

प्रश्न : माझ्या सुरक्षा प्रोग्रॅमवर सारखं ‘पोर्ट स्कॅन अडवला’ असं येतं, पत्ते परदेशातले असतात. माझ्यामागे कोण लागलं असेल? मी घरी शिकवण्या घेते, माझ्याकडे चोरण्यासारखं काही नाही.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या मागे म्हणून कोणी नाही. 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन दाखवलं. चांगली जोडणी असेल तर आयपीव्ही 4 चे सगळे सार्वजनिक पत्ते एका पोर्टसाठी पाऊण तासाच्या आत चाचपता येतात. चोरही हेच करतात, अभ्यासकही. त्यात तुमचा नंबर येणारच.

मला वेगळाच प्रश्न पडला. राउटरच्या मागे असतात त्यांना हे सहसा दिसत नाही. केबलवाल्याची वायर थेट कॉम्प्युटरला लावून डायलरने जोडता का? तसं असेल तर मध्ये एक साधा राउटर घ्या. सूचनेतला पत्ता 192.168 ने सुरू होत असेल, तर तो घरातलाच टीव्ही किंवा प्रिंटर असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : गावच्या घरी कॅमेरे बसवलेत. मुंबईहून मोबाइलवर दिसावेत म्हणून कारागिराने राउटरमध्ये ‘पोर्ट उघडून’ दिला. लॅपटॉपची फायरवॉल चालू आहे, तेवढं पुरेल ना?
— एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. लॅपटॉपची फायरवॉल लॅपटॉपपुरती. पोर्ट उघडला म्हणजे जगातला कोणीही तुमच्या डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याच्या) लॉगिनपर्यंत पोचू शकतो. 2016 च्या मिराई नावाच्या वर्मने नेमकं हेच हेरलं : कारखान्यातून आलेली साठेक नाव-पासवर्डची जोडपी टेल्नेटवर (दुरून लॉगिन करायच्या जुन्या सोयीवर) आलटून पालटून लावायची, आणि लाखो कॅमेरे, डीव्हीआर ताब्यात. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला त्या फौजेने वेबसाइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येकांना उघडेनात. मालकांना पत्ताही नव्हता, कॅमेऱ्यात चित्र नीट दिसत होतं.

राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका, यूपीएनपी बंद करा, नाहीतर उपकरणं आपणहून पोर्ट उघडून घेतात. ‘डीएमझेड’मध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच यंत्राकडे सोडणाऱ्या सेटिंगमध्ये) डीव्हीआरचा पत्ता घातलेला नाही ना, तेही पाहा, घाईतले कारागीर सर्रास तिथेच घालतात. मोबाइलवर बघायला डीव्हीआरच्या कंपनीचं अधिकृत अ‍ॅप वापरा, त्याला सहसा पोर्ट उघडावा लागत नाही. डीव्हीआर आणि राउटर दोन्हींचे मूळ पासवर्ड बदला, आणि नवे त्या कारागिराला सांगू नका.